अळणी आकडा

माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा मी मामांच्या स्वयंपाकघरात बसून रडत होते. मामा समोर येऊन बसले. गळ्यातल्या दोरीला लटकणारा पेनाएवढा मीटर त्यांनी काढला, त्याचं टोक माझ्या गालाला लावलं, डोळे बारीक करून आकडा बघितला आणि म्हणाले, "एवढ्यानं रीडिंग येत नाही. अजून थोडं रड."

मला इतकं हसू फुटलं की रडायचं राहूनच गेलं. पण मामा विनोद करत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. या माणसाने आयुष्यात एकही विनोद केलेला नाही. त्यांना खरोखरच रीडिंग हवं होतं, आणि पुढे आठवडाभर ते माझ्याकडे आशेने बघत होते.

त्या लग्नाच्या भानगडीनंतर मी मामा-मामींकडेच राहिले. मामांनीच मला त्यांच्या कामाच्या ठिकाणी पॅकिंगला लावून दिलं. वस्ती संपते तिथे काचेची एक लांबलचक शेड आहे. आत मातीचा कण नाही. कमरेएवढ्या उंचीवर पांढरे पाइप, पाइपांना भोकं, प्रत्येक भोकात लेट्यूसचं एक रोप, आणि पाइपांतून दिवसभर झुळझुळणारं खताचं पाणी. त्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल तेवढंच रोपाच्या पोटात जायचं. ते किती आहे हे मीटर सांगतो. त्या आकड्याला ईसी म्हणतात. लेट्यूसला हवा एक पॉइंट चार. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात, कमी पडलं तर रोप उपाशी राहतं आणि पिवळं पडतं. बावीस वर्षं तो आकडा सांभाळणं हे मामांचं काम होतं, आणि बावीस वर्षांत तो एकदाही हलला नव्हता.

कामावर हे ठीक आहे. पण आमचे मामा मीटर गळ्यात घालूनच घरी येत. आंघोळीचं पाणी मोजत. शेजारच्या कुत्र्याच्या वाडग्यातलं पाणी मोजत आणि कुत्र्याच्या मालकाला त्याबद्दल चार शब्द सुनावत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की यजमान पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि मी जमिनीकडे बघायला लागायची, कारण मला पुढचं माहीत असायचं. मीटर ग्लासात. मग "हं." मग, आकडा चांगला आला तरच, एक घोट.

सगळ्यात मोठा छळ सूपचा. मामी रोज सूप करायची आणि त्यातलं मीठ मामा ठरवायचे. एक चमचा सूप, नऊ चमचे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ज्यात काहीच विरघळलेलं नाही असं पाणी, नीट ढवळायचं, गार होऊ द्यायचं आणि मग मीटर बुडवायचा. आकडा एक पॉइंट चार आला की सूप पास. का, तर म्हणे लेट्यूसला जे मानवतं ते माणसालाही मानवणारच. कपातलं सूप गार होईपर्यंत पातेल्यातलंही गार व्हायचं. तिघेजण ताटल्यांसमोर हात बांधून एका कपाकडे बघत बसलेलो, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून मरेपर्यंत जाणार नाही.

मामीने याविरुद्ध तोंड उघडलं नव्हतं, कारण बावीस वर्षं ते सूप चवीला बरोबर लागत होतं. म्हणूनच एक दिवस तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, अळणी आहे," तेव्हा मामा दचकले.

"एक पॉइंट चार आहे," मामा म्हणाले.

"असेल. पण अळणी आहे."

"अगं, दोन्ही एकदम कसं असेल?"

ही सुरुवात होती. पुढच्या काही महिन्यांत सूप जास्त जास्तच अळणी होत गेलं आणि आकडा काळ्या दगडावरच्या रेघेसारखा तिथेच राहिला. मलाही अळणी लागत होतं, पण मी आश्रित. खाल्ल्या घरच्या सुपाबद्दल काय बोलणार? मी गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते. कारण मामी एकटी पडली. मामा तिला अगदी मायेने समजवायचे, "तुझ्या जिभेचं वय झालं आता. माझे नाही का गुडघे दुखत?" आणि हळूहळू मामीलाच ते खरं वाटायला लागलं. आरशासमोर उभी राहून ती जीभ बाहेर काढून बघायची. चहा करताना साखर किती घालू म्हणून मला विचारायला लागली. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई!

शेवटी मीच तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तिच्या जिभेवर एकेक थेंब टाकला: गोड, खारट, आंबट, कडू. मामीने सगळे ओळखले, वर "खारट थोडं कमी आहे तुमचं" असंही सांगितलं. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, जीभ उत्तम. मामी तो कागद घेऊन घरी आली ती जवळजवळ पळतच. मामांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरांची बाटली तपासायला हवी."

मामीने कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवसापासून पर्स कुठेही सोडली नाही. अंगणात कपडे वाळत घालतानासुद्धा ती खांद्याला असायची.

आता मामांच्या डोक्यातली ही बाटली काय, ते सांगते. मीटर चालता चालता चुकायला लागतो. म्हणून ज्याचा आकडा पक्का ठाऊक आहे अशा पाण्यात त्याला रोज बुडवायचं आणि बजावायचं, बाबा रे, याला एक पॉइंट चार एक म्हणतात, विसरू नकोस. पूर्वी हे पाणी छोट्या पुड्यांमधून यायचं. पुडी फोडली, वापरली, फेकली. मग पुड्या बंद झाल्या आणि अर्ध्या लिटरची बाटली आली. ती पहिली बाटली मामांनी दोन्ही हातांनी घेतली, खताच्या टाकीच्या खोलीत घड्याळाखालच्या फळीवर ठेवली आणि शेडमधल्या कुणालाही तिला हात लावू दिला नाही.

रोज सकाळी मामा मीटरचं टोक डिस्टिल्ड वॉटरने धुवायचे. बाटलीतलं पाणी कपात घ्यायचे. मीटर बुडवायचे, आकडा जुळवून घ्यायचे, म्हणजेच मीटर लावून घ्यायचे. आणि मग कपातलं पाणी परत बाटलीत ओतायचे. कपाला चिकटलेला थेंब तरी का वाया घालवा, म्हणून कप चमचाभर डिस्टिल्ड वॉटरने विसळून तेही बाटलीत. आमचे मामा असेच. साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवणारा माणूस. त्यामुळे अकरा महिने झाले तरी ती बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! शेड बघायला कुणी आलं की ते आधी लेट्यूस दाखवत नसत, बाटली दाखवत.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. शेडमधल्या अकरा माणसांपैकी एकालाही नाही, कारण मामा चुकू शकतात हा विचारच कुणाच्या डोक्याला शिवत नव्हता.

मीटर रोज थोडा थोडा चढा आकडा दाखवायला लागला, आणि मामांनी निष्कर्ष काढला की जगातलं पाणी जड होत चाललंय. नळाचं पाणी जड. पावसाचं पाणी जड. मी पुन्हा एकदा रडले असते तर तेही जड निघालं असतं. त्यांनी पाणीपुरवठा कचेरीला सतरा पत्रं लिहिली. अठराव्याला कचेरीतून एक साहेब स्वतःचा मीटर घेऊन घरी आले. नळाखाली धरून म्हणाले, "पॉइंट तीन. नेहमीसारखंच आहे."

"मीटर शेवटचा कधी लावलात?" मामांनी विचारलं.

साहेब डोकं खाजवायला लागले. मामा त्यांना हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेले, त्यांचा मीटर आपल्या बाटलीत बुडवून लावून दिला आणि परत नळाखाली धरायला सांगितलं. पॉइंट पाच! साहेबांची पाचावर धारण बसली. ते आल्या पावली कचेरीत गेले आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतले उरलेले चार मीटर पिशवीत घालून मामांकडे घेऊन आले. मामांनी चारही दुरुस्त करून दिले. आठवड्याभरात आमच्या सगळ्या वस्तीचं पाणी अधिकृतपणे जड झालं. समोरच्या बाईंचे केस आधीच गळत होते, त्यांना कारण मिळालं. कोपऱ्यावरच्या शिंप्याचे कपडे बेतात चुकत होते, त्यानेही पाण्यावर ढकललं.

इकडे शेडमध्ये लेट्यूस मात्र पिवळं पडायला लागलं. आधी कडेच्या रांगा, मग मधल्या. गड्डे मुठीएवढे होऊन थांबायचे. मालक हबकले. माणूस वाईट नाही, पण यंत्रावर फार विश्वास. त्यांनी भिंतीवर बसवायचं एक मोठं यंत्र मागवलं. ते पाणी स्वतःच मोजतं आणि खत स्वतःच सोडतं. मामांवर नजर ठेवायलाच ते आणलंय, हे सगळ्यांना कळत होतं. फक्त यंत्र बसवल्यावर ते आधी लावून घ्यावं लागतं. आणि लावायचं कशाने, तर मामांच्या बाटलीने.

मामांनी यंत्राचं टोक धुतलं, कपात बुडवलं, कप विसळून पाणी बाटलीत ओतलं. यंत्र म्हणालं एक पॉइंट चार. मीटर म्हणाला एक पॉइंट चार. मालकांनी मामांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली.

"म्हणजे पाणी बरोबर आहे," मालक म्हणाले. "मग रोपंच चुकतायत."

रोपं म्हणजे चिमटाताई. बिया पेरायचं काम त्यांचं. स्पंजच्या एकेका चौकोनात चिमट्याने एकेक बी ठेवायची, दिवसाला दोन हजार. नवरा नाही, घरात म्हातारी सासू, आणि त्या चिमट्यावर दोघींचं चाललेलं. चिमटाताई मला डब्यातलं द्यायच्या, माझ्या मोडलेल्या लग्नाबद्दल शेडमध्ये कुणालाही कुजबुजू दिलं नाही त्यांनी. त्यांच्यावर ठपका आला की बिया ओल्या जागी ठेवल्या, जुन्या वापरल्या, पेरताना लक्ष नव्हतं. त्यांनी बियांचं पाकीट बदललं, स्पंज बदलला, बिचारीने चिमटासुद्धा बदलला. रोपं पिवळीच.

शेवटी मालकांनी सांगितलं, सोमवारी दुपारी टाकीच्या खोलीत सगळ्यांसमोर निकाल लावू. निकाल काय लागणार हे ठरलेलंच होतं. पॅकिंगच्या पोरींनी चिमटाताईंना द्यायला निरोपाचं भेटकार्डही आणून ठेवलं होतं, ते बघून माझं डोकं सणकलं.

सोमवारी सकाळी मामा डबा घरीच विसरले. चिमटाताईंचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि आकडा वेगळा. दुपारी मामी डबा द्यायला आली ती नेमकी टाकीच्या खोलीत. एका हातात सुपाचा डबा, खांद्याला पर्स. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. मधे स्टुलावर मामा, समोर मालक, आणि दाराशी चिमटाताई, हातात चिमटा, जणू तो जमा करायला सांगतील म्हणून आधीच काढून ठेवलेला.

मालक चिमटाताईंना म्हणाले, "या माणसाकडून काहीतरी शिका. अकरा महिन्यांत याने एक बाटली संपवली नाही! आणि तुम्ही महिन्याला बियांची दोन पाकिटं संपवता."

मामी तेवढ्यात खिडकीतून आतल्या रांगांकडे बघत होती. ती शेडमध्ये वर्षभराने येत होती. "अगं बाई," ती आपल्याशीच म्हणाली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, "ही पण अळणी खातायत."

मालक हसले. दोघंतिघं हसले. मामा हसले नाहीत. ते फळीवरच्या बाटलीकडे बघत होते. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीकडे. मी त्यांचा चेहरा बघितला. बावीस वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न हा माणूस स्वतःला विचारत होता: मीच तर चुकलो नाही?

मामा गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. हे मला मुद्दाम लिहायचंय.

"स्टोअरमधून नवी बाटली आण," मामा मला म्हणाले. "सील न फोडलेली."

मी पळत गेले आणि घेऊन आले. मामांनी सील फोडलं, कपात पाणी घेतलं, मीटर बुडवला. लेबलवर छापलं होतं एक पॉइंट चार एक. मीटर म्हणाला दोन पॉइंट पाच. मामांनी टोक पुसलं, धुतलं, परत बुडवलं. दोन पॉइंट पाच.

"बाई चुकल्या नाहीत," मामा म्हणाले. "मी बाटलीत रोज पाणी घातलं. बाटली पातळ झाली. मीटर त्या पातळ पाण्यालाच एक पॉइंट चार एक म्हणायला शिकला, खोटं बोलायला लागला, आणि मी रोपांना निम्मंच खत दिलं. चूक माझी आहे."

आता माणसाने एवढं कबूल केल्यावर विषय संपावा की नाही? पण मालक ऐकेचनात. "छे छे! तुम्ही मोठ्या मनाचे आहात, बाईंना वाचवताय. अहो, नवी बाटलीच खराब असेल. तुमचा मीटर, भिंतीवरचं यंत्र, पाणीपुरवठ्याचे पाच मीटर, सगळ्यांचं एकमत आहे. ही एकटी बाटली खरी आणि बाकी जग खोटं?"

"त्या सगळ्यांना मीच लावलंय, साहेब!"

"म्हणूनच तर विश्वास आहे."

मामा जीव तोडून सांगत होते की मी चुकलो, आणि खोलीतला एकही माणूस मानायला तयार नव्हता. कुणी म्हणालं, मामांना बरं वाटत नाहीये. कुणी पाणी आणलं, आणि मामांनी सवयीने त्यात मीटर बुडवला. मालकांनी चिमटाताईंकडे वळून घसा साफ केला. मामांचे डोळे भरून आले. या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं.

मग ते एकदम उठले आणि मामीच्या हातातला डबा घेऊन मालकांसमोर धरला. "साहेब, एक चमचा घ्या."

"आत्ता? सूप?"

"घ्या हो!" मामा ओरडले. मामा कधी ओरडत नसत, त्यामुळे मालकांनी निमूटपणे चमचा तोंडात घातला. तोंड वाकडं केलं. मामीकडे बघून अवघडून म्हणाले, "वहिनी, मीठ घालायचं राहिलंय बहुतेक."

मामांनी तिथेच एक चमचा सूप घेतलं, नऊ चमचे डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि कप मालकांच्या त्या यंत्राखाली धरला. भिंतीवर आकडा उमटला, एक पॉइंट चार.

"यंत्र म्हणतं मीठ बरोबर आहे," मामा म्हणाले. "तुमची जीभ खोटी का, साहेब? गेले काही महिने मी हिची जीभ खोटी ठरवतोय."

मालकांनी आणखी एक चमचा घेतला. भिंतीकडे बघितलं. परत एक चमचा घेतला. अर्धा डबा असा संपला. दरम्यान मामीने पर्स उघडून डॉक्टरचा कागद काढला आणि मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो वाचला, "जीभ उत्तम," आणि खुर्चीत बसले. चिमटाताईंनी हातातला चिमटा हळूच परत खिशात ठेवला.

चिमटाताई राहिल्या. मीटर मात्र मामांकडे राहिला नाही. तो त्यांनीच गळ्यातून काढला आणि चिमटाताईंच्या गळ्यात घातला. "तुम्ही एकेक बी मोजून काम करता," ते म्हणाले, "आणि वापरलेलं टाकून देता." मामा आता पाइप धुतात. स्टूल चिमटाताईंना देताना त्याच्या आखूड पायाखालून घडी केलेला एक कागद निघाला. बाटलीबरोबर आलेला तो सूचनांचा कागद होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नये. मामांनी तो वाचला आणि घडी घालून परत पायाखाली सरकवला, कारण स्टूल डगमगत होतं.

पाणीपुरवठा कचेरीतही ते नवी बाटली घेऊन गेले होते. साहेब म्हणाले, आमच्या नोंदी झाल्यात, आता पाणी हलकं करता येणार नाही. त्यामुळे आमच्या वस्तीचं पाणी अजून जडच आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. कप नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही. सुपातून वाफ येत होती, आणि गरम सूप समोर आलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होते. मामांचा हात सवयीने छातीपाशी गेला, तिथे काही नव्हतं, मग तो खाली आला. मामीने मीठ तिच्या अंदाजाने घातलं होतं. तिने मामांच्या पुढ्यात चमचा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. पर्स तिने दाराच्या खुंटीला अडकवली होती.

मामांनी एक चमचा घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने अळणी खाल्लेली जीभ ती. मामीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"काय झालं? जास्त पडलंय का?" तिने घाईने विचारलं.

मामांनी थोडा विचार केला.

"मला खारट लागतंय," ते म्हणाले, "म्हणजे बरोबर असणार."

आणि त्यांनी ताटली पुढे करून आणखी सूप मागितलं.